मिस्टर अडूसेंची शनिवारची गळती

...आणि उचलायचं कुणी? नाही, तुम्हीच सांगा! जेवायला बसताना सगळे पुढे, "मला वाढा, मला वाढा", आणि जेवण झालं की हात धुऊन जो तो आपल्या वाटेला, ताटं तिथल्या तिथे! बरं, ताटांचं एक वेळ ठीक आहे, माशा घोंगावायला लागल्या की कुणाला तरी लाज वाटते. पण तुम्हाला सांगते, कॉम्प्युटरच्या मेमरीत माशा येत नाहीत हो! तिथे पडलेलं खरकटं कुणाला दिसतच नाही. साठतं, साठतं, साठतं... आणि शनिवारी सकाळी अख्खं कुमासी शहर अंत्यविधीचे काळे-तांबडे कपडे घालून रेडिओला कान लावून बसलंय, आमच्या निवेदक तावियानं घसा खाकरून "अत्यंत दुःखानं कळवण्यात येतं की" एवढं म्हटलंय, आणि मशीन... ठप्प!

दर शनिवारी! तुम्हाला वाटेल, ही बाई फुगवून सांगतेय. मी कशाला फुगवू? मशीन आपलं आपण फुगत होतं!

तर आमचं रेडिओ स्टेशन बांतामाच्या चढावर, खाली टायरचं दुकान, वर आम्ही. गाणी सगळीकडेच लागतात, फुटबॉल सगळीकडेच लागतो, आमचं नाव होतं ते निधनवार्तांसाठी. आणि कुमासीत निधनवार्ता म्हणजे काय चेष्टा आहे? नुसतं "अमुक वारले, तमुक ठिकाणी जमावं" म्हटलं तर लोक वर येऊन मारतील! आधी मयताचं नाव, मग त्याची मानाची नावं, मग घराण्याचा कर्ता, मग मामा, मावश्या, मुख्य शोककर्ता, विधवा, मुलं, नातवंडं, हॅम्बर्गचा मुलगा, टोरांटोची मुलगी... आणि हॅम्बर्गचा चुकून राहिला, तर सोमवारी हॅम्बर्गहून फोन! "मी काय आकाशातून पडलो का?" म्हणून.

एवढी नावं सांभाळायला मिस्टर अडूसेंनी एक प्रोग्राम लिहिला होता. सी भाषेत. मिस्टर अडूसे म्हणजे माझे गुरू. आधी शाळेत गणित शिकवायचे, मग रेडिओत आले. शर्ट पांढरा, कडक इस्त्रीचा, आणि खिशात कागदात गुंडाळलेले गरम कोसे, चवळीची भजी ती, त्यामुळे खिशावर कायम तेलाचा एक गोल डाग. मी नोकरीला लागले तेव्हा मला म्हणाले, "सेरवा, तुला सी येतं?" मी म्हटलं, "येतं." म्हणाले, "मग बस, कोसे खा." झाली मुलाखत!

आता सी म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगते, घाबरू नका. नाव ठेवायला जागा लागली की मागायची, मिळते. काम झालं की आपण होऊन परत करायची, बस! नाही केली तर कुणी विचारत नाही, जागा हळूहळू संपत जाते; त्यालाच आम्ही गळती म्हणतो. हल्लीच्या भाषांत म्हणे तुमच्या मागून एक झाडूवाला फिरत असतो, तुमचं पसरलेलं गोळा करत. लाडोबा कुठले! सीमध्ये झाडूवाला नाही. तुमचं तुम्ही आवरा, नाहीतर बुडा.

तर क्लार्कबाईंनी नाव टाइप केलं, नाव आत आलं. तावियाच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवणाऱ्या भागानं त्याची एक नक्कल करून घेतली. छापणाऱ्या भागानं एक नक्कल घेतली. जाहिराती जुळवणाऱ्या भागानं एक घेतली, आता साबणाच्या जाहिरातीला मयताचं नाव कशाला हवं, देव जाणे, पण घेतली! प्रत्येक नकलेला जागा वेगळी. आणि काम झाल्यावर? पडद्याला वाटतंय छापणारा आवरेल, छापणाऱ्याला वाटतंय जाहिरातवाला आवरेल, जाहिरातवाल्याला वाटतंय ज्यानं नाव आत आणलं तो बघेल, आणि ज्यानं आणलं तो कधीच घरी गेला! एका माणसाचं नाव सतरा ठिकाणी, कुणीच वाचत नाही, कुणीच सोडत नाही. आता मला सांगा, हे उचलायचं कुणी?

मी मिस्टर अडूसेंना म्हटलं, तेव्हा मी तरुण होते, जीभ तिखट होती, "मिस्टर अडूसे, इथे जागा सोडायची ओळ राहिलीय."

ते चष्म्यावरून बघायचे. "राहिलेली नाही. मी लिहिलेली नाही."

"का?"

"नाव कुणाचं आहे, वाच."

"नाना अफ्रिये. गेल्या मंगळवारी गेले."

"माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांचं नाव पुसणारा मी कोण?"

"अहो पुसायचं कुठे, जागा परत करायचीय फक्त!"

"सेरवा, आपल्यात माणूस गेला की प्रेत कुणाचं?"

"आईच्या घराण्याचं."

"बायकोचं?"

"नाही."

"पोरांचं?"

"नाही हो!"

"मग रेडिओ स्टेशनचं कसं असेल? घराण्याचा कर्ता येऊन सांगू दे, मोकळं करा म्हणून. लगेच करतो." आणि कोसे पुढे करायचे.

घ्या! म्हणजे ऐंशी वर्षांचा म्हातारा, अंगावर कापड सावरत, काठी टेकत आमचा तो अरुंद जिना चढून येणार आणि म्हणणार, "अहो, तुमच्या प्रोग्राममधल्या त्या अमुक ओळीत आमचा भाचा अडकलाय, त्याला सोडा"? येईल का हो कुणी? आणि तोवर हे उचलायचं कुणी?

वर्षानुवर्षं भांडलो आम्ही यावरून. पण काय भांडणं होती ती! आता कुणाशी भांडू? हल्लीची पोरं चूक दाखवली की "हो मॅडम" म्हणतात, भांडतच नाहीत मेली. मिस्टर अडूसे चिडले की गणिताच्या मास्तरासारखे खडू शोधायला लागायचे, शाळा सोडून किती काळ झालेला, खडू नसायचाच, मग बोट ओलं करून टेबलावर चौकोन काढायचे. एक चौकोन म्हणजे नाव, बाण म्हणजे नावाचा पत्ता. "पत्ता दिला म्हणजे घर दिलं का, सेरवा?" मी म्हणायचे, "पण घर रिकामं झालं की कुलूप तरी कुणी लावायचं?" तोवर चौकोन वाळून जायचा आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून!

एकदा मी फारच डोकं खाल्लं, तर वैतागून म्हणाले, "घे, उचललं!" आणि टाकली ओळ. पण कुठे टाकली? नाव वाचायच्या आधी! म्हणजे झालं काय, मयताचं नाव आलं, लगेच त्याची जागा मोकळी झाली, आणि पाठोपाठ जे नाव आलं ते त्याच मोकळ्या जागेत जाऊन ऐसपैस बसलं. आणि पाठोपाठचं नाव कुणाचं? मुख्य शोककर्त्याचं! जिवंत माणूस! कोकोचा व्यापारी क्येरेमे, भावाच्या अंत्यविधीला निघायच्या तयारीत, घरात रेडिओसमोर बसलेला! आणि आमचा ताविया, त्याचा आवाज असा, खोल विहिरीतून आल्यासारखा, पण पडद्यावर दिसेल ते वाचणार. स्वतःचं नाव आलं असतं तरी "अत्यंत दुःखानं" कळवलं असतं त्यानं! म्हणाला, "अत्यंत दुःखानं कळवण्यात येतं की क्येरेमे..." झालं!

काही वेळात जिन्यावर धडधड. क्येरेमे स्वतः! एका हातात खांद्यावरून घसरलेलं कापड, दुसऱ्या हातात तो रेडिओ, रेडिओ घेऊनच आलेला! "कोण म्हणतं मी मेलो? माझी बहीण मला बघून किंचाळत पळाली! बायको विधवा झाले म्हणून केस कापायला कात्री घेऊन बसलीय, हातातून सोडत नाहीये! शेजारी खुर्च्या मागवतायत!" ताविया हात जोडतोय, क्लार्कबाई पाणी देतायत, आणि हे दम खाऊन काय म्हणावेत? "आणि मेलो तर मेलो, नावाच्या आधी मानाचं 'नाना' का नाही लावलंत?"

मिस्टर अडूसेंनी शांतपणे ती ओळ काढून टाकली. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? मोठ्यांची नावं मोकळी सोडली की अशी फिरतात." पुढे मी तोंड उघडायची सोयच राहिली नाही.

आता खरी गंमत. मशीन ठप्प झालं की ते बंद करून पुन्हा चालू करायला मी धावायचे. जुनं मशीन ते, घरघर करत, एकेक ओळ लिहीत, सावकाश उठायचं. तोवर तावियानं करायचं काय? समोर माइक चालू, पडद्यावर शेवटचं नाव गोठलेलं. मग तो बोलायचा. त्या नावाबद्दल. मनानं!

एकदा एका संत्री विकणाऱ्या बाईंच्या नावावर थांबलं. ताविया म्हणाला, "या बाईंकडून मी संत्री घेत असे. त्या सोलायच्या तेव्हा साल कधी तुटायचं नाही, एकच लांब वेटोळं निघायचं. एकदा तुटलं. तर संत्रं मला फुकट दिलं आणि वर मलाच रागावल्या, तू मध्ये बोललास म्हणून तुटलं." बस, एवढंच. आणि खालच्या टायरवाल्या दुकानातली माणसं हातातलं काम टाकून उभी! त्या बाईंच्या मुलाचा फोन आला, नुसता रडतोय फोनवर. एकदा एका ट्रक ड्रायव्हरवर थांबलं, तर म्हणे, "याच्या ट्रकला ब्रेक असे नव्हतेच, पण शाळा सुटायच्या वेळी तो त्या रस्त्यानं कधी गेला नाही." आता हे सगळे तावियाला खरंच ओळखीचे होते का? मी विचारलं त्याला. म्हणाला, "सेरवा, नाव समोर थांबलं की माणूस आठवतो."

आणि लोकांचं तर विचारूच नका! क्लार्कबाईंच्या टेबलाखाली श्नॅप्सच्या, म्हणजे मानानं द्यायच्या दारूच्या, बाटल्या दिसायला लागल्या. मी म्हटलं, बाई पिते की काय? तर नाही, घरोघरचे म्हातारे गुपचूप आणून ठेवतायत! "मुली, आमच्या बहिणीचं नाव जरा... तिथे टाक... जिथे तुमचं यंत्र थांबतं." ऐकलंत? गळतीच्या तोंडाशी आपलं माणूस यावं म्हणून वशिला! आणि मला इकडे लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं! आमचा प्रोग्राम दर आठवड्याला मरतोय, आणि गाव त्याला मान समजतंय! मिस्टर अडूसे आपले कोसे खातायत. त्यांना हे सगळं ठाऊक होतं का? म्हणून ते ओळ लिहीत नव्हते का? मी कधी विचारलं नाही. वाटलं, विचारू की, कुठे पळून जातायत.

गेले. एका रविवारी चर्चहून आले, खुर्चीत टेकले, आणि गेले. पहिले काही दिवस मी सकाळी कोसे दोन माणसांचे घ्यायचे. वेडीच होते. कोसेवाली पुडी बांधायला लागली की मग आठवायचं.

आणि तुम्हाला सांगते, काय झालं असेल? घराण्याचा कर्ता जिना चढून आला! मिस्टर अडूसेंचे सख्खे मामा, नाना दारकवा. कापड सावरत, काठी टेकत, एकेक पायरी. मी उभी राहिले, खुर्ची दिली. बसले ते बरोबर मिस्टर अडूसेंच्या खुर्चीत. म्हणाले, "मुली, शनिवारी माझ्या भाच्याचं नाव वाचणार ना?"

"हो नाना."

"पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं गेलं पाहिजे. त्याचंच यंत्र. त्या यंत्रानंच त्याला अर्ध्यावर टाकलं, तर लोक काय म्हणतील? आम्ही तोंड कुठे लपवू? मला शब्द दे."

शब्द दे म्हणे! मी म्हटलं, "नाना, देते. पण मग मला नावं मोकळी करावी लागतील. सगळ्यांची. त्यांचंसुद्धा."

त्यांनी विचार केला. "वाचून झाल्यावर ना?"

"हो."

"सगळ्यांनी ऐकल्यावर?"

"हो."

"मग ठेवून काय करतेस?"

अहो! अख्खं तारुण्य घालवलं मी ज्या भांडणात, ते एका वाक्यात संपवून म्हातारा काठी उचलून चालायला लागला! मला मिस्टर अडूसेंना हाक मारून सांगावंसं वाटलं, "ऐकलंत? कर्ता येऊन सांगून गेला!" पण सांगायचं कुणाला? खुर्ची रिकामी.

मग बसले मी. एकेका नावाला पकडून विचारायला लागले, बाबा, तुला आत कुणी आणलं? तुझ्या नकला कुणी घेतल्या? नियम घातला आपल्या रीतीचा. ज्यानं आणलं तो घराण्याचा कर्ता, शेवटी उचलणारा तोच, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बाकीचे आले, दर्शन घेतलं, चालायला लागा! पडद्याला नकलेची गरज नाही, तू नुसतं बघ. छापणाऱ्या, तूही बघ. जाहिरातवाल्याला तर हाकलूनच दिला. एखाद्याला नक्कल हवीच असेल, तर ती त्याची, तिचं सुतक त्यानंच फेडायचं. आणि एक प्रेत दोन घराण्यांनी पुरायला काढलं तर काय होतं, ते तुम्ही जाणताच. मशीनमध्येही तेच होतं, हाणामारी, आणि सगळं जागच्या जागी बंद. तेही निस्तरलं. जुन्या शनिवारांच्या याद्या एकामागून एक चालवून बघितल्या. थांबलं नाही. पुन्हा चालवल्या. नाही थांबलं! मी टेबलावर ओल्या बोटानं एक चौकोन काढला आणि तो वाळेपर्यंत बघत बसले. आणि रडले, हो, रडले, त्यात काय लपवायचंय?

शनिवार उजाडला. मी मशीनपाशी, ताविया काचेपलीकडे. "अत्यंत दुःखानं कळवण्यात येतं की मिस्टर अडूसे..." मानाची नावं, मामा, मावश्या, विधवा, मुलं, लंडनचा पुतण्या, एकूण एक! यंत्र लोण्यासारखं चाललंय. शेवटचं नाव आलं, गेलं, आणि त्याच क्षणी, मी लिहिल्याप्रमाणे, सगळी जागा परत. पडदा स्वच्छ. पुढची निधनवार्ता. मग साबण.

संपलं? मी ताठ बसून होते. काचेतून ताविया माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. काहीतरी राहिलंय असं वाटतंय, आणि काय ते कळत नाहीये.

दुपारी मी अंत्यविधीला गेले. मंडप, ढोल, सगळी माणसं. नाना दारकवांनी जवळ बोलावलं. मला वाटलं, शाबासकी!

म्हणाले, "थांबलं नाही?"

"नाही नाना! तुम्हाला शब्द दिला होता ना?"

"हो, दिला होतास." कापडाचं टोक नीट करत बसले. "मी मागितला होता, खरं. मागायलाच हवा, कर्ता आहे मी. पण आम्ही सगळे रेडिओभोवती गप्प बसून होतो गं... आता थांबेल, आता तो बोलणारा बोलेल म्हणून. माझी बहीण, त्याची आई, अजून बसलीय रेडिओपाशी."

तावियाला जाऊन म्हटलं, "अरे, तू बोलायचंस ना! तुझ्या रोजच्या बैठकीतला माणूस!"

"कसा बोलू? पुढचं नाव समोर आलेलं!"

मग काय, तेव्हापासून सगळे माझ्या मागे! मादाम, म्हणजे आमच्या स्टेशनच्या मालकीणबाई, त्या म्हणाल्या, "सेरवा, श्रोते कमी झालेत. ते पूर्वीचं थांबणं परत आण." मी म्हटलं, सोपं आहे, मुद्दाम थांबवते. एका शनिवारी थांबवलं. ताविया माइकसमोर नुसता बसून! शेवटी खोकला, आणि हवामान सांगितलं! बाहेर येऊन म्हणतो, "सेरवा, हे खरं थांबलेलं नव्हतं. मला कळतं." आता याला खरं थांबणं पाहिजे! म्हणजे खरी गळती पाहिजे! जन्मभर जी बुजवायला धडपडले ती आता माझ्याच हातानं परत पाडायची? पाडली! तुम्हाला सांगते, मिस्टर अडूसे लिहायचे तश्शी, एकेक ओळ काढून, नाव न् नाव अडकवून ठेवलं. आता परत करायचं नाही, उचलायचं कुणीच नाही, जा!

आणि वाट बघत बसले. एक शनिवार, दुसरा शनिवार... थांबतच नाही! का? तर मधल्या काळात मादामनी नवीन कॉम्प्युटर आणलाय! त्यात जागा इतकी, की किती नावं पडली तरी तळ झाकत नाही. मी हिशेब मांडला बसून. तो भरून थांबायचा म्हणजे अख्खं कुमासी वारलं पाहिजे, सगळ्या मानाच्या नावांसकट.

त्यात मीही आलेच की. आणि मला तर फार वाटतं हो, माझ्या नावावर थांबावं, तावियानं चार शब्द बोलावेत. पण त्यासाठी मला सगळ्यांच्या शेवटी मरावं लागणार, आणि तावियाला माझ्याही नंतर. त्याला सांगितलंय तसं. म्हणाला, "बघतो, जमलं तर."